अकरावर थांबलेला भामरे

भामरे गेल्याचा फोन आला तेव्हा मी अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका लेबनीज ठेकेदाराशी जिन्याच्या रेलिंगचा भाव करत होतो. फोन भामरेच्या खोलीत राहणाऱ्या सलीमचा होता. "शेठ, भामरेसाब गुजर गये. सुबह उठेही नहीं." मी "आता हूँ" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि ठेकेदाराला माझा शेवटचा भाव सांगितला. तो दोनदा "हबीबी, हबीबी" करून शेवटी हो म्हणाला. हात मिळवला. मग मी गाडीत जाऊन बसलो आणि एसी लावायचं विसरलो. मे महिन्यातल्या बंद गाडीत किती वेळ बसलो कोण जाणे... त्या ठेकेदारानंच येऊन काच वाजवली. आधी सौदा पुरा केला आणि मग मित्राच्या मरणाकडे वळलो, हे इथे लिहायची गरज नव्हती. पण भामरेबद्दल लिहायचं तर माझा हा स्वभाव आधी सांगावा लागेल, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. त्याला जाऊन आता सात आठवडे होतील. आमचं बोलणं त्याच्या आधी आठ महिने बंद होतं.

बावीस वर्षांपूर्वी मुसफ्फातल्याच एका मजुरांच्या कॅम्पमध्ये आम्ही आठ जण एका खोलीत राहायचो. खालच्या बंकवर मी, इचलकरंजीहून आलेला वेल्डर. वरच्या बंकवर सुधाकर भामरे, जळगावकडच्या चोपड्याचा, कंपनीत स्टोअरकीपर. त्याच्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली चामड्याचा एक जाडजूड ग्लव्ह होता. मला वाटलं हा विकेटकीपर आहे. "विकेटकीपर नाही रे, पिचर," तो म्हणाला. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की आपल्या खानदेशात शाळाशाळांतून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळतात, आणि हा गडी विद्यापीठाकडून खेळलेला होता. क्रिकेटमध्ये जसा बोलर तसा बेसबॉलमध्ये पिचर, फक्त चेंडूला टप्पा नसतो आणि एकच माणूस सामनाभर फेकत राहतो. ड्युटी संपली की भामरे एका रिकाम्या कंटेनरवर चेंडू मारत बसायचा. धाड... धाड... कॅम्पचा बॉस शिव्या द्यायचा. भामरे हसून म्हणायचा, "सर, लास्ट फाइव्ह."

पुढे मी नोकरी सोडली, उसन्या मशिनवर गेटं बनवायला लागलो, भांडत, घासाघीस करत वर आलो. अल रीम आयलंडवर बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलो. भामरे स्टोअरकीपरचा क्वालिटी इन्स्पेक्टर झाला, पण राहिला शेअरिंगच्या खोलीतच. मंगलावहिनी आणि दोन मुली चोपड्याला. मी त्याला दहा वेळा म्हटलं असेन, माझ्याकडे ये. तो म्हणायचा, "तुझ्याकडे नोकरीला आलो की आपली दोस्ती खलास. तू माझाही भाव करशील." तेव्हापासून तो मला शेठ म्हणायला लागला. त्यात थोडा टोमणा होता, पण मला आवडायचा.

माझा मुलगा ओम नऊ वर्षांचा असताना भामरेनं त्याला आमच्या टॉवरखालच्या बागेत चेंडू फेकायला शिकवलं. पाय कुठे, कोपर कुठे, बोटं शिवणीवर कशी. दोन वर्षांत पोरगं असं फेकायला लागलं की जाणारे-येणारे थांबून बघायचे. मग मी संघच काढला. इथे हौशी लोकांची एक छोटी लीग आहे, सहा संघ, जपानी, कोरियन, फिलिपिनो, पाकिस्तानी, एक-दोन अमेरिकन मास्तर. आमचा मुसफ्फा हॅमर्स. टी-शर्ट, बस, पाणी माझं. डोकं भामरेचं. दर सप्टेंबरला सगळे खेळाडू पुन्हा नव्यानं वाटले जातात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या वर्षी जो संघ शेवटचा आला तो पहिला खेळाडू निवडतो, मग पाचवा, मग चौथा, असं बारीबारीनं. आपल्या बाऱ्या आपसांत अदलाबदल करता येतात. म्हणजे बाजारच तो! मला खेळापेक्षा त्यातच जास्त मजा यायची.

आणि तिथेच आमचं वाजायचं. भामरेचं म्हणणं दरवर्षी एकच. "शेठ, मारणारा कुठेही मिळतो. पिचर वाढवावा लागतो. पंधरा-सोळा वर्षांची चार पोरं घे. एक वर्ष त्यांना जास्त फेकू देऊ नकोस. चारातली दोन टिकतील." मी म्हणायचो, "वर्षभर नुसतं बसवून ठेवायला पोरं कशाला घेऊ? मी काय पाळणाघर काढलंय?" मग मी तरुण पिचरची बारी दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात एखादा तयार, दांडगा मारणारा घ्यायचो. सौदा म्हणून तो दरवेळी फायद्याचा दिसायचा. फक्त चेंडू फेकायला ओमशिवाय कोणी उरायचं नाही. एकदा भामरे माझ्या वर्कशॉपमध्ये आला, जळून बोटाएवढा उरलेला वेल्डिंग रॉड उचलून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "पोराचा हात म्हणजे हे आहे. जळतो तेवढा कमी होतो. तुला मी सांगायला हवं?" मी म्हटलं, "रॉड संपला की दुसरा लावतो." भामरे रॉड टेबलावर ठेवून निघून गेला.

त्याच आठवड्यात त्यानं एक काउंटर आणला, बटण दाबलं की आकडा एकानं वाढणारा. इथल्या कुठल्याही छोट्या दुकानात मिळतो, बोटात अंगठीसारखा घालायचा, लोक नामस्मरण मोजायला वापरतात. पाच दिरहमचा, म्हणजे आपले शे-सव्वाशे रुपये. दुकानातला मल्याळी त्याला म्हणाला होता, "चाचा, आप भी जप करते हैं?" भामरेनं हो म्हणून सांगितलं. ओमचा प्रत्येक चेंडू तो त्याच्यावर दाबून मोजायचा. सत्तर झाले की आता थांबव म्हणून बेंचवरून हात वर करायचा. मी बघायचो नाही.

आमचं बोलणं बंद झालं त्याच्या आदल्या हंगामाच्या शेवटी आम्ही सहावे होतो; ओम तेव्हा पंधराचा. दोन सामने उरलेले, शनिवारी एक, रविवारी एक. भामरे म्हणाला, "हरू दे. शेवटचे आलो तर पहिली बारी आपली. शारजात एक सोळा वर्षांचा पोरगा मी हेरून ठेवलाय. ओमला आराम मिळेल, आणि पुढच्या वर्षी दोन पिचर." मी भडकलो. "हरायला संघ काढला का मी?" शनिवारी ओमनं पूर्ण सामना फेकला. रविवारी पुन्हा तोच. सातव्या डावात भामरे मैदानाच्या कडेनं माझ्यापर्यंत चालत आला आणि बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. काउंटरवर चौऱ्याण्णव. "शेठ, बास." मी ओमकडे बघून ओरडलो, "यल्ला ओम, अजून एक!" आम्ही दोन्ही सामने जिंकलो आणि सहाव्याचे पाचवे झालो. त्या पाचव्या नंबरानं काय मिळालं, हे मला आजही सांगता येत नाही. पहिली बारीसुद्धा गेली.

उन्हाळ्यात भामरे घरी आला. "त्याचं कोपर दुखतंय. या वर्षी त्याचं नाव देऊ नकोस." मी म्हटलं, "दुखणारच. माझे हात बघ, किती वेळा भाजलेत. मी नाव काढून घेतलं का?" ओम समोरच बसला होता. मी विचारलं, "काय रे, दुखतंय?" तो म्हणाला, "इट्स फाइन, बाबा." भामरे त्याच्याकडे बघत राहिला. आता वाटतं, माझ्या आवाजात विचारल्यावर ते पोर दुसरं काय म्हणणार होतं...

ड्राफ्टच्या आदल्या शनिवारी सगळ्या संघांसमोर चाचणी असते. मी ओमला बाजूला घेऊन सांगितलं, हळू फेक. कोणाच्या नजरेत भरू नकोस. चौथ्या बारीला मी तुला गुपचूप उचलतो, आधीच्या तीन बाऱ्यांत दुसरे घेतो. बाजारात आपला माल आपणच जरा कमी दाखवायचा, मग तोच स्वस्तात परत घ्यायचा, हे मी वीस वर्षं केलं होतं. ओमनं खरंच रडतखडत फेकलं. चेंडू निम्म्यात खाली पडत होते. मी कुंपणापाशी उभा राहून मनात म्हटलं, पोरगं काय ॲक्टिंग करतंय! बापाचा गुण आहे.

ड्राफ्ट दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका टॉवरच्या पार्टी हॉलमध्ये होता. शेवटचा आलेला संघ मोरी-सान नावाच्या जपानी इंजिनियरचा. पहिली बारी त्यांची. सगळ्यांना वाटलं, ते शारजाचा पोरगा घेणार. मोरी-सान उठले, थोडं वाकले आणि माझ्या मुलाचं नाव घेतलं. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मी भामरेकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. "तू सांगितलंस?" "हो. मीच सांगितलं." तिथे पंचवीस माणसांसमोर मी त्याला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "बावीस वर्षं माझं मीठ खाल्लंस." हे तर खोटंच होतं. त्यानं माझं कधी काही खाल्लं नव्हतं. तो फक्त म्हणाला, "शेठ, दुसरी बारी तुझी आहे. शारजाचा पोरगा घे." मी मुद्दाम चौतीस वर्षांचा एक मारणारा घेतला. तो दोन महिन्यांत गुडघा धरून बसला.

त्यानंतर भामरे दर शनिवारी मोरी-सानच्या मैदानावर दिसायला लागला. त्यांच्या लहान पोरांना शिकवायचा. म्हणजे तिकडे विकला गेला, असं मी चारचौघांत सांगत फिरलो. वर हे लोक ओमला फेकूच देत नाहीत, पहिल्या बेसवर, म्हणजे नुसता चेंडू पकडायला, उभा करतात, याचा मला आणखी संताप. "माझं पोरगं सडवतायत!" बायको म्हणाली, "अहो, एकदा भामरेभाऊजींना फोन तर करा." मी म्हटलं, त्यानं करावा. दिवाळीला त्याचा मेसेज आला. मी उघडलाच नाही. मार्चमध्ये ओमनं पुन्हा थोडं फेकलं, असं कानावर आलं. मी बघायला गेलो नव्हतो.

माणूस गेल्यावर इथे आधी त्याचा व्हिसा रद्द करावा लागतो, मग तो घरी जातो. ते कागद मी केले. मृतदेह पाठवायला तयार करतात त्या एम्बामिंग सेंटरच्या बाहेर मोरी-सान काळ्या सुटात उभे होते. त्यांनी इंग्रजीत सांगितलं ते सावकाश आणि साधं होतं. ड्राफ्टच्या आधी भामरे त्यांच्याकडे गेला होता. म्हणाला, मुलाचा हात तुटायला आलाय, निदान सहा महिने आराम मिळाला तर कदाचित वाचेल, बापाकडे मिळणार नाही. मोरी-सान म्हणाले होते, मग पहिली बारी मी तुटलेल्या हातावर का घालवू? तेव्हा भामरेनं आपले शनिवार देऊ केले. जगेपर्यंत, फुकट, त्यांच्या मुलांसाठी. "तो सौदा करायला लाजत होता," मोरी-सान म्हणाले. आयुष्यभर मी सौदे केले. भामरेनं हा एकच केला.

परत येताना गाडीत ओम शेजारी होता. मुसफ्फाच्या पुलाच्या अलीकडे तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबा, दॅट डे, ॲट द ट्रायल... आय वॉजन्ट ॲक्टिंग." मी गाडी चालवत राहिलो. पूल ओलांडल्यावर विचारलं, "आता कसा आहे हात?" "खलास, बाबा. मार्चमध्ये परत गेला. भामरे सर टुक मी टु द डॉक्टर. ममा नोज." घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. भामरेचा सौदाही वाया गेला होता. त्यानं हात वाचवायला पोराला माझ्यापासून लांब नेलं, पण तोवर मी काही शिल्लक ठेवलंच नव्हतं. ओम आता पाण्याची बाटलीसुद्धा डाव्या हातानं उचलतो. हे मी आठ महिने रोज जेवताना बघत होतो...

भामरेची खोली मीच रिकामी केली. कपडे, मुलींचे फोटो, औषधं चोपड्याला पाठवली. ग्लव्ह मंगलावहिनी म्हणाल्या तुम्हीच ठेवा. त्यांना सगळं माहीत होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ग्लव्हच्या आत तो काउंटर होता. त्यावर आकडा होता अकरा. ओमला दाखवला तर म्हणाला, मार्चमधला सामना. अकरा चेंडू फेकले, अकराव्याला कोपरात कळ आली, सर कट्ट्यावरून उतरून धावत मैदानात आले. त्यानंतर भामरेनं काउंटर शून्यावर आणला नाही.

मला त्याचा राग अजून आहे. ओमला घेऊन गेलास तर मला माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन, कॉलर धरून का नाही सांगितलंस, असं मी मनात भांडतो. मग तो रॉड आठवतो, काउंटरवरचे चौऱ्याण्णव आठवतात, आणि भांडण पुढे सरकत नाही. काउंटर माझ्या टेबलावर आहे. त्याची बॅटरी संपत आलीय. आकडा पुसट होत चाललाय, आता दिव्याखाली तिरका धरला तरच दिसतो. वर्कशॉपच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, बॅटरी बदलता येईल का? तो म्हणाला, "सेठ, दो मिनट का काम है. लेकिन बदला तो ज़ीरो हो जाएगा." मी त्याला पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, काही मार्ग काढ म्हटलं. तो नुसता मान हलवत राहिला.