एकट्याचं कार्ड

आमच्या दारव्ह्यातला हा सोयाबीनचा व्यापारी माझा शेजारी. पुण्याहून आला की विमानाचं काही सांगत नाही, विमानतळावरच्या लाउंजचंच सांगतो. "काकू, मऊ सोफा, साफ संडास, पायजे तेवढा चहा. माणसाले आराम पायजे," म्हणत मांडीवर थाप मारतो.

परवा नागपूरला आमचं विमान उशिरा होतं. सोबत मी आणि पाय सुजलेली त्याची आई. लाउंजमध्ये त्याच्या बँकेच्या कार्डावर एकालाच फुकट आत सोडत होते. हा सरळ गेला. म्हातारी बाहेर लोखंडी खुर्चीवर कण्हत बसली.

तो ढेकर देत परतला.

"आईले इथं टाकून कसा गेला रे, निर्लज्जा?" मी ओरडले.

"काकू, कार्ड माह्या एकट्याचं हाय."

तेवढ्यात म्हातारीच माझ्यावर डाफरली, "माह्या पोराले आत बोलावते, तर तुह्या पोटात काहून दुखते?"