भाकड न झालेलं विमान

आमच्या गावची लक्ष्मीयात्रा कैक वर्षांनी एकदा भरते, म्हणून सासरी गेलेल्या लेकी कुठूनही येतातच. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, नागपूरला दिलेली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून रेल्वेत तिला ना बसवतं ना झोपवतं. पण आमच्या जवळच्या बेळगावला तिकडून पन्नासेक शिटांचं छोटं जेट येत होतं. त्याच्या भरवशावर ती म्हणायची, "मी येणार गं. पुढची यात्रा कुणी बघितलीया?" आणि यात्रा तोंडावर आली नि ते विमान बंद झालं.

माझा पुतण्या एका विमान कंपनीत इंजिनियर. यात्रेला म्हणून आधीच आलता, त्याला विचारलं. तर म्हणाला, काकू, तसली छोटी विमानं आता रिटायर करतात. आमच्यात मास्तर रिटायर झाले की शाल-नारळ देतात. मला वाटलं, बिचारं थकलं असेल. कसलं काय. बेळगावी कुंद्याची मिठाई खात खात त्यानं समजावलं. विमान लहान असो की मोठं, पायलट दोन लागतातच. इंजिनाची दुरुस्ती, स्पेअर पार्ट, काहीच निम्म्यावर येत नाही. माणशी तेलही जास्त जळतं. मोठ्या विमानात हा खर्च जास्त शिटांवर वाटला जातो. पण मोठं विमान आपल्याकडं भरत नाही, म्हणून फेरीच बंद.

"म्हंजे ते उडत हुतं की न्हाय?"

"उडत होतं की. अजून लई वर्षं उडलं असतं."

"मग म्हस आटली न्हाय रं. तुमची घागर मोठी झालीया."

तो हसला आणि मोबाईलवर तसल्याच एका विमानाचा फोटो दाखवला. इंजिनं काढून विकलेली, त्या जागी प्लास्टिक गुंडाळलेलं, खिडक्यांवर चिकटपट्ट्या. चांगलं धडधाकट अंग सोलून ठेवल्यागत. आणि हा बोटं चाटतोय. मला शिसारीच आली. पुढ्यातला कुंदा मी सरकवून दिला.

आक्का फोनवर रडली नाही. "माझ्या नावानं ओटी तूच भर," एवढंच बोलली.

यात्रेत मी खण-नारळ घेऊन देवीपुढं उभी, तर पुतण्या शेजारी कुणाला तरी अभिमानानं सांगत होता, नवी मोठी विमानं आलीत, बंगळूर-मुंबईला लावणार. तिथं आधीच दर तासाला विमान आहे, हे मलासुद्धा ठाऊक.

"सरक तिकडं," मी म्हटलं. "ही ओटी आक्काची हाय."