सात सीटांची चोरी

“मॅडम, तुमचा गार्ड एक तर झोपतो, नाही तर चोरांना सामील आहे. दोन्हीपैकी काय ते तुम्ही ठरवा. आम्हाला तो नको.”

सेक्रेटरीसाहेबांनी मला निवडीचं एवढं स्वातंत्र्य दिलं, हा त्यांचा मोठेपणा. टेबलावर सात तक्रार अर्ज होते. तीन आठवड्यांत सोसायटीच्या पार्किंगमधून सात सायकलींच्या सीट गेल्या होत्या. या सायकली म्हणजे आपल्या वडिलांची दूध आणायची सायकल नव्हे. हेल्मेट, हातमोजे आणि घट्ट चड्डी घातल्याशिवाय ज्यांच्यावर बसता येत नाही, त्यातल्या. अशा सायकलीच्या सीटखाली एक खटका असतो. त्याला क्विक रिलीज म्हणतात. तो उघडला की सीट खालच्या पाइपासकट हातात येते. पाना लागत नाही, अक्कल तर नाहीच.

मी एका सिक्युरिटी एजन्सीत फील्ड ऑफिसर आहे. गार्ड जिथे उभा असतो त्या जागेला आम्ही ‘पॉइंट’ म्हणतो. नागपूरभर स्कूटीवर असे पॉइंट फिरायचे. गार्ड जागा आहे, टोपी डोक्यावर आहे, रजिस्टर भरलेलं आहे हे बघायचं, सही करायची, पुढे निघायचं. क्लायंट चिडला की त्याच्यासमोर बसून मान हलवायची. हे शेवटचं काम अपॉइंटमेंट लेटरमध्ये नसतं, पण नोकरी त्याच्यावरच टिकते.

मी मान हलवली आणि म्हटलं, “सीसीटीव्ही बघितलं का, सर?”

“कॅमेरे कारच्या बाजूला आहेत. सायकलकडे बघायला गार्ड ठेवलाय ना? मी पोलीस कंप्लेंटसुद्धा करणार आहे. तुम्ही फक्त रिमूव्हल लेटर आणा.”

रिमूव्हल लेटर म्हणजे गार्डला पॉइंटवरून काढल्याचा कागद. त्यात कारण लिहावं लागतं, आणि ते गार्डच्या फाइलला कायमचं चिकटतं. ‘चोरीचा संशय’ असं एकदा लिहिलं गेलं की शहरातली कुठलीच एजन्सी त्या माणसाला दारात उभं करत नाही. पार्किंगच्या गेटवरचा आमचा दिवसपाळीचा गार्ड देवाजी छप्पन्न वर्षांचा. उमरेडजवळच्या गावाहून रोज एसटीने यायचा आणि साताच्या ड्युटीला पावणेसातला हजर असायचा. या वयात त्याला दुसरं काम कोण देणार होतं? मी दोन दिवस मागून घेतले.

आधी पार्किंगमध्ये गेले. चोरी झालेल्या सातही सायकली ओळीने उभ्या होत्या आणि सातही सायकलींना सीट होत्या. म्हटलं, लोकांनी नव्या घेतल्या असतील. पण सातही सीटवर नवी कोरी कव्हरं होती. एकाच वेळी सात जणांना बुडाच्या आरामाची आठवण यावी, याचं मला कौतुक वाटलं. शेवटच्या सायकलीचं कव्हर फारच फुगलेलं दिसलं म्हणून वर केलं. खाली जुनी, रुंद, स्प्रिंगची रेक्झिनची सीट. तिचा पाइप बारीक पडला म्हणून त्याच्याभोवती ट्यूबचा तुकडा गुंडाळून कोंबला होता. विमानाला बैलगाडीचं चाक लावावं तसं ते दिसत होतं. ही सायकल सी-५०१ची. मालक बँकेत मॅनेजर.

आता अशी सीट कुठल्या सायकलीला असते, ते शोधणं अवघड नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीला एक जुनी लेडीज सायकल टेकलेली होती. सीटच्या जागी नुसतं भोक, आणि त्यात पाणी जाऊ नये म्हणून चिंधी कोंबलेली. मी थांबून राहिले. बारा वाजता कुंदाबाई आली. ती तीन फ्लॅटमध्ये स्वयंपाक करते, सक्करदऱ्याहून येते.

“सीट कधी गेली वं?”

“आठ दिस झाले, मॅडम.”

“मग कंप्लेंट काहून नाही केली?”

“गेलती ना ऑफिसात. म्हने, फॉर्मवर फ्लॅट नंबर लिही. मले कुठचा फ्लॅट नंबर?”

“मग जाते कशी?”

“उभ्यानंच चालवून राहिली. पाय भरून आले का ढकलत नेते.”

आठ दिवस. मी त्या आठ दिवसांत दोनदा या पॉइंटवर येऊन गेले होते आणि माझं त्या सायकलीकडे लक्षही गेलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून तपास पुढे सरकत नाही, म्हणून मी गेटवर गेले.

“देवाजी, सात सीट गेल्या. तुम्ही काय करून राहिले होते?”

“लिहून राहिलो होतो, मॅडम.”

“काय लिहून राहिले होते?”

“हे काय, रजिस्टर.”

गेटवरच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना ‘शेरा’ म्हणून असतो. त्यात गार्ड ‘निरंक’ लिहितात, म्हणजे काही घडलं नाही. वर्षानुवर्षं निरंक. देवाजीचं अक्षर मात्र शाळेच्या फळ्यावर असतं तसं गोल आणि स्वच्छ. मी उभ्याउभ्या वाचायला लागले आणि थोड्या वेळाने त्याच्या स्टुलावर बसले.

‘दुपारी १.४०. सेक्रेटरीसाहेब रामटेकहून आले. मित्राच्या गाडीतून सायकल उतरवली. सीट गाडीतच राहिली. गाडी गेली. साहेबांना आवाज दिला, ते फोनवर होते.’

दुसऱ्या दिवशी: ‘सायंकाळी ५.३०. सेक्रेटरीसाहेबांनी बी-३०२ डॉक्टरसाहेबांच्या सायकलची सीट काढून आपल्या सायकलला लावली.’

चार दिवसांनी: ‘डॉक्टरसाहेबांनी ए-१०४ यांची सीट काढली. इकडेतिकडे पाहून लावली.’

असंच पुढे. ज्याची गेली, त्याने तक्रार अर्ज दिला आणि शेजारच्याची काढली. वर ओळखू येऊ नये म्हणून कव्हर चढवलं. सगळे शिकलेले लोक, त्यामुळे पद्धत एकसारखी. शेवटची नोंद अशी होती: ‘सी-५०१ मॅनेजरसाहेबांनी कुंदाबाईच्या सायकलची सीट काढली. नट गंजला होता. पाना मागितला. दिला. आठ दिवसांत परत करतो म्हणाले.’

तक्रारी सात, चोर सात, आणि बाहेरचा चोर एकही नाही. शेवटी सीट गेली ती एकट्या कुंदाबाईची, आणि तिची तक्रार तेवढी कोणी घेतली नव्हती.

प्रत्येक पानाखाली हिरव्या शाईत ‘चेक्ड’ असं लिहिलेलं होतं. त्याच्यापुढे माझी सही.

“देवाजी, हे मला तोंडानं काहून नाही सांगितलं?”

“सभासदांले काही विचाराचं नाही, अशी ऑर्डर हाये ना, मॅडम. तुम्हीच वाचून दाखोली होती.” ती ऑर्डर खरी होती. देवाजीने एकदा सेक्रेटरींच्या मेहुण्याला “कोनाकडे जाऊन राहिले?” असं विचारलं, त्यानंतर निघालेली. “अन् तुमाले अलग काय सांगाचं? तुमची त सही हाये.”

माझी सही होतीच.

मी आमच्या एजन्सीच्या मालकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “सह्या तुमच्याच आहेत ना?” मग म्हणाले, “अठरा गार्डांचं काम आहे तिथे. एका माणसापायी घालवू नका.”

तिसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन सेक्रेटरीसाहेबांकडे गेले.

“सर, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पोलीस कंप्लेंट व्हायलाच पाहिजे. सोबत याची कॉपी लावावी लागेल. खुणा केलेली पानं बघून घ्या.”

साहेबांनी पानं बघितली. रामटेकचं पान दोनदा बघितलं. नंतर चष्मा काढून पुसला.

“याला चोरी नाही म्हणता येणार, मॅडम.”

“मग काय म्हणायचं, सर?”

“आपापसातली अॅडजस्टमेंट. सभासदांमध्ये चालतं असं.”

“कुंदाबाई पण सभासद आहे का?”

साहेबांनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. दोन दिवसांत सातही सीट आपापल्या सायकलींवर गेल्या. रामटेकवाल्या मित्राची गाडीसुद्धा येऊन गेली. कुंदाबाईची सीट परत बसली, वर मॅनेजरसाहेबांनी ते नवं कव्हरही तसंच राहू दिलं. दिलगिरी म्हणून असेल, किंवा काढायला विसरले असतील. सातही अर्ज ‘गैरसमजातून’ मागे घेतले गेले. मला वाटलं, देवाजी वाचला.

“आता गार्ड बदला,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

“आता काहून, सर? आता तर काही गेलंच नाही.”

“नको ते लिहितो हो तो. मेंबर्सच्या प्रायव्हसीचा प्रश्न आहे.”

मालकांचा हुकूम तर आधीच झालेला होता. देवाजीला तिथे ठेवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. कागद मात्र मीच टाइप करणार होते. कारणाच्या जागी मी लिहिलं: ‘सभासदांनी एकमेकांच्या व कामवाल्या बाईंच्या सायकलींच्या सीट काढल्या, त्याच्या खऱ्या नोंदी या गार्डने रजिस्टरमध्ये ठेवल्या. म्हणून सोसायटीच्या विनंतीवरून बदली. गार्डच्या कामाबद्दल व सचोटीबद्दल सोसायटीची कोणतीही तक्रार नाही.’

साहेब फोनवर रविवारच्या राइडचं ठरवत होते. मी कागद पुढे सरकवला. त्यांनी फोन खांद्यात धरला, सही केली, सोसायटीचा शिक्का मारला आणि हाताने मला जायची खूण केली.

तो कागद देवाजीच्या फाइलला आहे. एवढं चांगलं सर्टिफिकेट आमच्या एजन्सीत दुसऱ्या कोणाकडे नाही. तो दाखवून त्याला उमरेड रोडवरचा एका गोडाऊनचा पॉइंट मिळाला, गावाजवळचा. सोसायटीत नवा गार्ड गेला. तो निरंक लिहितो आणि सगळे त्याच्यावर खूश आहेत.

सही करण्याआधी कागद वाचावा, हे मी या प्रकरणात शिकले. सेक्रेटरीसाहेबांना मी अजून सांगितलेलं नाही.