बाई मुन्सिफ आणि मेंढरांचा दावा

आमच्या तालुक्याच्या कोर्टात बाई मुन्सिफ येणार असं परभणीहून कळलं, तेव्हा मी सगळ्यात आधी बदलीचा अर्ज लिहिला. मी तिथं पेशकार होतो. मुन्सिफांच्या, म्हणजे दिवाणी न्यायाधीशांच्या, डाव्या हाताला बसायचं, दाव्यांच्या मिसली, म्हणजे फायली, पुढं करायच्या, तारखा लिहायच्या आणि पक्षकारांना गप्प बसवायचं, एवढं माझं काम. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. निजामाच्या वेळची उर्दू मी विसरलो होतो, तिच्या जागी आलेली इंग्रजी शिकलो होतो, आणि आता मराठीत हुकूम लिहायचा सराव करत होतो. एवढं सगळं पचलं, पण बाईच्या हाताखाली काम करायचं काही पचेना. अर्जात कारण लिहिलं, प्रकृती अस्वास्थ्य.

वकीलमंडळींना वेगळीच काळजी होती. बाईंना हाक काय मारायची? यासाठी त्यांनी रीतसर बैठक घेतली आणि मला टिपणं घ्यायला बसवलं. 'साहेब' म्हणजे पुरुष, 'बाईसाहेब' म्हणजे जमीनदाराची बायको, आणि 'मॅडम' म्हटलं की त्यांना दवाखान्यातली नर्स आठवे. दोन तास गेले. शेवटी वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठे असलेले एक वकील उठले आणि म्हणाले, "हुजूर म्हणा. हुजूर बाईपण नाही आणि बुवापण नाही." ठराव एकमतानं मंजूर झाला. कोर्टातून उर्दूचा शेवटचा शब्द हद्दपार झाला पाहिजे, असं गेली कित्येक वर्षं ठणकावणारे गृहस्थ हेच. तेव्हा उर्दू कोर्टातून गेली, तेवढा एक शब्द बाईंसाठी राहिला.

चपराशाची अडचण मात्र सुटली नाही. इजलासाच्या, म्हणजे कोर्टाच्या दालनाच्या, दारात उभं राहून तो ओरडायचा, "साहेब आले." आता हुजूर आले म्हणावं की आल्या, हे त्याला कुणी सांगेना. चार दिवस विचार करून त्यानं क्रियापदच काढून टाकलं. तो नुसता म्हणायचा, "हुजूर." आणि सगळे उठून उभे राहायचे.

बाई पुण्याकडच्या होत्या. पस्तिशीच्या, बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा. माझा अर्ज वरिष्ठांच्या शिफारशीशिवाय पुढं जाणार नव्हता, आणि आधीचे मुन्सिफ जायच्या घाईत तो तसाच टेबलावर ठेवून गेले होते. त्यामुळं बाई रुजू झाल्या त्या दिवशी त्यांच्या हातात आलेला पहिला कागद माझाच होता. त्यांनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, चांगला धडधाकट होतो.

"काय होतंय तुम्हाला?"

"पोटाचं आहे, हुजूर."

"बरं." त्यांनी 'शिफारस करण्यात येते' असं लिहून सही केली. "उत्तर येईपर्यंत तिखट कमी खा."

उत्तर दोन महिन्यांनी आलं. बदली माणूस उपलब्ध नाही, सबब अर्ज नामंजूर. तोपर्यंत माझं पोट आपोआप बरं झालं होतं, कारण बाई वेळेवर यायच्या, वेळेवर उठायच्या आणि एकदा दिलेली तारीख सहसा बदलायच्या नाहीत. तारखा खोडून पुन्हा लिहिण्यात माझा अर्धा जन्म गेला होता. मी परभणीला गेलो की आता छाती पुढं काढून सांगायचो, आमच्याकडं बाई मुन्सिफ आहेत. बदलीच्या अर्जाबद्दल अर्थातच बोलत नसे.

मेंढरांचा दावा आला तो याच सुमारास. ताडकळसच्या बाजूची एक धनगर बाई, चाळिशीची, नवरा वारलेला. तीस मेंढरं दिरानं आपल्या वाड्याला, म्हणजे कळपाच्या तळावर, नेली, आणि ही म्हणत होती की ती तिला माहेरहून मिळालेल्या मेंढ्यांचीच वाढ आहे. वर्षभर ती त्या मोठ्या आवाजाच्या वकिलांच्या पायऱ्या झिजवत होती. बाई मुन्सिफ आल्याबरोबर वकिलांना हुरूप आला. "आता दावा लाव," ते म्हणाले. "वर बाई बसली आहे. तिला तुझं पटेल."

पहिल्या पेशीला वकिलांनी अर्धा तास भाषण केलं. स्त्रीची व्यथा, स्त्रीचं हृदय, आणि आज न्यायासनावर विराजमान झालेली मातृशक्ती. बाई मुन्सिफ टेबलावर पेन्सिल आडवी ठेवून ऐकत होत्या. मग त्यांनी त्या धनगर बाईला पुढं बोलावलं. ती आली, इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "सायेब कवा यायलेत?"

"हेच साहेब," मी खालच्या आवाजात म्हणालो.

तिनं खुर्चीकडं नीट निरखून पाहिलं. "मला न्हाई बोलायचं. मला सायेब पायजे."

वकील घाईनं पुढं सरकले. "अगं, बाई आहेत म्हणून तर बरं आहे. त्यांना तुझं दुःख कळेल."

"मव्ही सासू बी बाईच व्हती," ती म्हणाली. "तिनंच मला वाड्यातून काढलं. तिला लय कळायचं मव्हं दुःख."

इजलासात कुणी हसलं नाही, पण खोकले मात्र पुष्कळ झाले. तेवढ्यात दिराचा वकील उठला आणि नम्रपणे म्हणाला की त्याच्या अशिलाची काहीच हरकत नाही, हुजूरांवर त्याचा पूर्ण विश्वास आहे. बाईमाणूस भोळं असतं, चार गोड शब्दांत गुंडाळता येईल, असं दिरानं बाहेर झाडाखाली चार जणांना सांगितल्याचं मी सकाळीच ऐकलं होतं. म्हणजे जिच्यासाठी बाई यायला हव्या होत्या तिला त्या नको होत्या, आणि जो बाईला मोजत नव्हता त्याला त्या हव्या होत्या.

मला वाटलं, बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. "दावा दुसऱ्या कोर्टात न्यायचा अर्ज करायचा तुम्हाला हक्क आहे," त्या म्हणाल्या. "तो परभणीला जिल्हा न्यायाधीशांकडं करावा लागतो. पेशकार, यांना सांगा कसा करायचा. तुम्हाला अनुभव आहे."

मी कानापर्यंत लाल झालो आणि सांगितलं. धनगर बाईनं विचारलं, "किती दिस लागतेल?"

"चार महिने तरी."

"मेंढ्या गाभण हायेत. तवर ह्यो कोकरं बी आपलीच म्हणंल." तिनं थोडा विचार केला. "ऱ्हाऊ द्या. हितंच उरका."

बाईंनी पुढच्या तारखेला मेंढरं कोर्टाच्या आवारात आणायचा हुकूम दिला, आणि गावात एकच गवगवा झाला. सगळ्यांनी ठरवून टाकलं की बाई काहीतरी युक्ती करणार. धनगरीण एकीकडून हाक मारणार, दीर दुसरीकडून, आणि मेंढरं ज्याच्याकडं जातील त्याची. त्या दिवशी कापसाच्या बाजारातले अडते कामं टाकून आले. माझी बायकोसुद्धा शेजारणींना घेऊन कुंपणापाशी उभी राहिली. मी नजरेनं तिला घरी जायला सांगितलं, तिनं नजरेनंच नकार दिला.

धनगर बाईनं न सांगताच हाक मारली. दिरानंही मारली. मेंढरं कुणाकडंही गेली नाहीत. ती सरळ वकिलांच्या खोलीच्या पायऱ्यांवर चढली आणि तिथं ठेवलेल्या एका मिसलीचं पान त्यांनी खाल्लं. लोकांचा विरस झाला. बाईंनी चपराशाला मेंढरं एकेक करून धरायला सांगितली आणि पदर खोचून प्रत्येकाचे कान तपासले. मी मागं वही घेऊन. बावीस मेंढरांच्या डाव्या कानाला खालून दोन खाचा होत्या. उरलेल्या आठांच्या कानांना काहीच नव्हतं.

मग त्यांनी दिराला विचारलं, "ही कुठून आणली?"

"ताडकळसच्या बाजारातून, हुजूर."

"एकाकडून घेतली?"

"न्हाई हुजूर, धा जणांकडून. जसजशी गावली तसतशी."

"मग दहा जणांनी एकाच ठिकाणी, एकसारख्या खाचा कशा मारल्या?"

दिरानं वकिलाकडं पाहिलं. वकिलानं आभाळाकडं. पुढच्या तारखेला धनगर बाईचा भाऊ आपल्या कळपातली दोन मेंढरं घेऊन साक्षीला आला. त्यांच्याही डाव्या कानाला खालून दोन खाचा, तिच्या माहेरची खूण. निकाल दीड पानाचा होता. बावीस मेंढरं आणि त्यांची कोकरं धनगर बाईची. आठांबद्दल पुरावा नाही, ती दिराकडंच राहतील.

स्त्रीहृदयावर बोललेले वकील बाहेर येऊन म्हणाले, "निकाल अगदी पुरुषासारखा दिला." त्यांच्या मनात ती स्तुती होती. धनगर बाईनं मेंढरं हाकताना मला विचारलं, "सायेब असता तर तीस बी देले असते का?"

"साहेब असता तर अजून पहिली तारीख पडली नसती," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही.

दीर परभणीला अपिलात गेला. तिथल्या जिल्हा न्यायाधीशांनी आमच्या बाईंचा निकाल जसाच्या तसा कायम केला, चार ओळींत. हुकूम सांगायला मी तिला बोलावून घेतलं. तिनं दोन्ही हात जोडले, पण परभणीच्या दिशेला.

"शेवटाला सायेबानं न्याव देला," ती म्हणाली. "मला म्हाईत व्हतं, वर सायेब हाय."

मी हुकमाची नक्कल तिच्या हातात दिली. दुपारी मात्र राहवलं नाही आणि बाईंना सगळं सांगितलं. खरं म्हणजे त्यांना वाईट वाटेल आणि मी दोन शब्द समजुतीचे बोलेन, अशी माझी तयारी होती. त्यांनी चष्मा पुसला.

"मेंढरं तिच्याकडंच आहेत ना?"

"होय हुजूर. कोकरं झालीत चौदा."

"मग पुढची मिसल द्या."

पुढची मिसल एका बांधावरच्या लिंबाच्या झाडाची होती. तिच्यात दोन्हीकडचे पुरुषच होते, आणि ती बाईंची बदली झाल्यानंतरही पुष्कळ वर्षं चालली.