दादांच्या जीपचे दिवे

"लवले का?"

कोपरखैरणे गावात आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहायचो, त्या दादांचा हा रोजचा प्रश्न. अंगणात जीप उभी, आत ढोलाची कॅसेट लावलेली आणि आम्ही भाडेकरू पुढच्या दिव्यांकडे टक लावून उभे. ठोका पडला की दिवे क्षणभर मंद व्हायचे, दादांच्या भाषेत 'लवायचे'. दादांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. "माझी गाडी काय कोनापुढं मान लवते?"

नव्वदीच्या त्या वर्षांत गाडीत मोठे स्पीकर बसवण्याचं वेड आलं होतं. वाशीच्या दुकानदाराने दादांना एक कपॅसिटर दिला. थर्मासएवढा, चकचकीत. तो वीज साठवतो आणि ठोका पडला की झटक्यात देतो, म्हणे. भरताना बॅटरी आणि त्याच्या मध्ये एक छोटा बल्ब जोडायचा. बल्ब लख्ख पेटायचा आणि कपॅसिटर भरत आला की हळूहळू विझायचा. दादा त्या बल्बावरच खूश. पाहुणा आला की कपॅसिटर रिकामा करून पुन्हा भरून दाखवायचे. "पोट भरला का झोपतो बगा, आमचे मेव्हन्यासारखा!"

दिवे नंतरही लवायचेच, थोडे कमी इतकंच. पण दादांनी विचारलं की आम्ही एका सुरात "नाय!" म्हणायचो. दादा खूश झाले की त्यांची बायको, आमच्या काकी, चिंबोऱ्यांचा म्हणजे खेकड्यांचा रस्सा पाठवायच्या. खरं बोलायला वेड लागलं होतं का आम्हाला?

मग त्यांच्या एकुलत्या लेकीची हळद आली. "हलदीला माझ्या बाबांची जीप वाजनार," असं तिने गावभर सांगून ठेवलेलं. दादांनी बँजोवाल्यांना चक्क नको म्हटलं. लेकीचा शब्द खाली पडता कामा नये.

जीप मांडवाला लावली. धुराने बायका खोकायला लागल्या म्हणून इंजिन बंद केलं. तासाभरात बॅटरी बसली. गाणं रेंगाळलं, रडकुंडीला आलं आणि थांबलं. दादा कपॅसिटरवर थापा मारत राहिले. शेजारी म्हणाला, "दादा, तांब्या कितीबी चकचकीत असूदे, हीरच आटली त काय करनार?" दादांचं तोंड एवढंसं झालं. लेकीकडे बघायची त्यांना हिंमत होईना.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या धवलारीण म्हातारीने धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, धरला. संध्याकाळभर त्या गोंगाटात तिला कुणी विचारलंच नव्हतं. बायका तिच्यामागे म्हणू लागल्या. हळदीने माखलेली लेक पाटावरून हसली. "बाबा, ऱ्हाऊद्या ती बॅटरी. इथं बसा माझ्याजवल."

दादा बसले. शेजारी ट्रकची बॅटरी घेऊन आला, तर त्यांनीच हात वर केला. "थांब. म्हातारीचा धवला होऊंदे."

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अंगणाच्या जागी इमारत आहे. त्यांची फार आठवण येते, आणि आठवते ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. लेकीला सासरी उरणला पोचवायला दादा स्वतः जीप काढत होते. बाजूच्या सीटवर लेक-जावई, मागे दोन स्पीकरांच्या मध्ये धवलारीण गात बसलेली. कॅसेट बंद. आम्ही सगळे पुढे दिव्यांच्या स्थिर उजेडात उभे. दादांनी बाहेर मान काढली. डोळे भरलेले, पण सवय कुठे जाते?

"लवले का?"

"नाय!" आम्ही ओरडलो. पहिल्यांदाच खरं बोललो होतो.