साडूंची हातोडी

माझ्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस उभ्या हुबळी-धारवाडात सापडणार नाही. तारिहाळला त्यांचा ओतकामाचा कारखाना. ओतलेला प्रत्येक नग ते लहानशा हातोडीनं ठोकून बघत. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत चीर आहे म्हणून पुन्हा भट्टीत. इथवर ठीक होतं. पण ती हातोडी कायम खिशात असे, आणि मग नारळ, माठ, हॉटेलातली कपबशी, काहीच सुटत नसे. माझ्या लग्नात त्यांनी सासऱ्यांनी दिलेली समई ठोकून पाहिली आणि भर मांडवात "चालंल" असा शेरा दिला. सासरे त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

असा माणूस आमदार झाला तो अळणावरकडच्या एका कंत्राटदाराच्या जोरावर. सगळी निवडणूक त्यानंच अंगावर घेतली होती आणि पुढचं तिकीटही त्याच्याच शब्दावर होतं. त्यानं बांधलेल्या शाळेच्या उद्घाटनाला मी साडूंबरोबर गेलो. पोरं नव्या वर्गाच्या दाराशी रांगेत उभी, मागे सगळं गाव. कुणीतरी ताटातली कात्री त्यांच्या हातात दिली. साडूंचा दुसरा हात खिशातल्या हातोडीकडे गेला. मी त्यांचा सदरा ओढला, पण ऐकतील तर ते साडू कसले! त्यांनी व्हरांड्याचा खांब ठोकला. बद्द. दुसरा ठोकला. तोही बद्द. वाजंत्री आपोआप थांबली.

कंत्राटदार त्यांच्या कानाशी येऊन हसतच म्हणाला, "अण्णा, माणसं बघालेत. फीत तेवढी कापा, मागनं बघू. तिकिटाचंबी बघायचंय न्हवं?"

साडूंच्या कपाळावर घाम होता. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पोरांकडे एकदा बघितलं आणि कात्री ताटात परत ठेवली.

"ब्याड, नको. बद्द बोलालंय हे. पोरं आत जाणार न्हाईत."

ते खांब पाडून नवे उभारावे लागले. तिकीट अर्थातच गेलं, आणि दुसऱ्या उद्घाटनाला साडूंना कुणी बोलावलं नाही.

हल्ली ते पुन्हा कारखान्यात बसतात. परवा गेलो तर त्यांनी सवयीनं एक नग ठोकला आणि हातोडी तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे कान गेलेत, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं.

"कसा वाजला?" त्यांनी विचारलं.

खणखणीत म्हणून त्यांना खूश करावं, असं क्षणभर वाटलं. मी तोंड कानाजवळ नेऊन सांगितलं, "बद्द, अण्णा."

त्यांनी तो नग भट्टीच्या ढिगात टाकला आणि समाधानानं हसून हातोडी माझ्याकडे दिली.