पाठ फिरवून केलेली वाटणी

जगात आजवर जेवढी भांडणं झाली, ती सगळी आमच्या मामाजींना वेळेवर न बोलावल्यामुळे झाली, असं माझं प्रामाणिक मत आहे. मामाजी म्हणजे माझे सासरे. जळगाव जामोदजवळच्या आमच्या गावात कुठलीही वस्तू एकाहून जास्त माणसांची झाली, की ती आधी मामाजींच्या हाताखालून जाई. दोन वावरांमधला सामाईक आंबा उतरवला, भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या, लग्नात बुंदी उरली, की कुणीतरी मोटारसायकल घेऊन त्यांना न्यायला दारात हजर. मोबदला म्हणून ते फक्त चहा घेत, आणि तोही दोन्ही घरी अर्धा अर्धा कप, म्हणजे कुणाकडे झुकल्यासारखं दिसायला नको.

त्यांची रीत गावातलीच, जुनी. आधी मालाचे सारखे ढीग करायचे. मग मामाजी ढिगांकडे पाठ करून बसणार. मागे कुणीतरी एका ढिगावर हात ठेवून विचारणार, "हा कोणाचा?" आणि मामाजी एक नाव घेणार. ज्याचं नाव निघालं, त्याचा तो ढीग. पण मामाजींइतकी कडक ही रीत पंचक्रोशीत कुणी पाळली नसेल. पाठ फिरवली तरी ते डोळे मिटत, आणि मिटलेल्या डोळ्यांवर पुन्हा खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेत. त्यांना सगळ्यात जास्त संशय स्वतःचाच होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात घरी टरबूज कापलं. माझ्या नावावर नेमकी देठाकडची पांढरी फोड आली. नवी नवरी आहे, कुणीतरी बदलून देईल, या आशेने मी सगळ्यांकडे पाहिलं. पाठमोऱ्या मामाजींना ते कसं कळलं कोण जाणे. "सूनबाई, ढीग लहानमोठे वाटत असले तं पह्यले सांगाचं," ते म्हणाले. "नाव निंघाल्यावर मंग बोलाचं नाही." मी ती फोड सालीपर्यंत खाल्ली, आणि पुढच्या वेळी टरबूज कापायला सुरी स्वतःच्या हातात घेतली.

घरात कूलर आला तेव्हा तर कहरच झाला. कूलर एक आणि माणसं सहा. मामाजींनी अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या आणि ज्याच्याकडे वारा, त्यानेच पाणी भरायचं असं ठरवून दिलं. त्यात माझे वडील मुक्कामाला आले. त्यांचंही नाव यादीत चढलं. भर दुपारी व्याही बादली घेऊन हौदाकडे निघालेले पाहून सासूबाईंनी मामाजींशी दोन दिवस अबोला धरला. मामाजींना तो कळलाच नाही. बायकोच्या बोलण्याची आपली पाळी अजून यायची असेल, असं समजून ते निवांत होते.

अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी स्वतःची जमीन हयातीतच वाटायची ठरवली. मुलगे दोन, मुलगी एक, म्हणून वाटे तीन. लेकीचा वाटा ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या, तेव्हा लेकीला भूक अर्धी लागते काय, असं मामाजींनी त्यांना शांतपणे विचारलं. विहिरीचं वावर लहान, नाल्याकडचं जरा मोठं आणि टेकडीखालचं मुरमाड बरड सगळ्यात मोठं. किमतीने तिन्ही वाटे अगदी सारखे.

पण विहिरीच्या वावरात दादांची, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची, संत्र्याची बाग होती. एका उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा बैलगाडीतून ड्रमने पाणी आणून त्यांनी एकेक झाड जगवलं होतं. माझे यजमान बुलढाण्याला शिक्षक, नणंदेचं मोताळ्याला दुकान. दादांचं मात्र सगळं घर त्या बागेवर चालत होतं. बाग हातची गेली तर त्यांनी पुन्हा बरडावर पहिल्यापासून सुरुवात करायची, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी दादा बोलले नाहीत. ढीग लहानमोठे नव्हतेच, मग तक्रार कशाची करणार?

ओसरीत तीन वावरांचे तीन कागद मांडले. मामाजी भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांनी दुपट्टा ओढून घेतला. हात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिलाच हात विहिरीच्या वावरावर ठेवला आणि विचारलं, हे कोणाचं? मामाजींनी माझ्या यजमानांचं नाव घेतलं.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला आनंद झाला, आणि त्याची लाज अजून वाटते. दादा मुकाट्याने उठले आणि चपला घालू लागले. आवाज ऐकून मामाजींनी तसंच पाठमोऱ्याने विचारलं, कोण चाललं.

"मी, बाबा," दादा म्हणाले. "मोटरीची लाईन आली. झाडायले पाणी लावून येतो."

झाडं आता आमची झाली होती, तरी दादा त्यांना पाणी लावायला निघाले होते. मामाजींनी दुपट्टा खाली केला आणि वाटणी पुरी व्हायच्या आत, आयुष्यात पहिल्यांदाच, मागे वळून पाहिलं. माझ्या हाताखालचा कागद पाहिला, दादांची रिकामी जागा पाहिली. मग तो कागद त्यांनी ओढून घेतला, उठले आणि दारात जाऊन दादांच्या हातात दिला. माझे यजमान लगेच म्हणाले, "बाबा, हेच बराबर हाये." नणंदेने नाल्याकडचं घेतलं, आम्हाला बरड आलं. मी तोंडाने लगेच हो म्हटलं, मनाने म्हणायला चार दिवस लागले.

आम्ही सगळे सुटलो, मामाजी मात्र अडकले. त्या दिवसापासून त्यांनी वाटणीला जाणं सोडलं. माणसं बोलवायला येतात, ते त्यांना चहा पाजून परत पाठवतात. आंबा आता दुसरं कुणी वाटतं आणि त्याचं भांडण आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येतं. एकदा न राहवून मी म्हटलं, मामाजी, तुम्ही केलेल्या सगळ्या वाटण्यांत न्यायाची तीच होती.

"माह्या पोराच्या जागी दुसऱ्याचं पोरगं असतं," ते म्हणाले, "तं मी मांगं पाह्यलं असतं का? किती जनाचे पाय असेच वाजले असतीन माह्या मांगं."

हल्ली ते संध्याकाळी काठी घेऊन निघतात. ज्यांच्या ज्यांच्या वाटण्या त्यांनी केल्या, त्या घरांपुढे रोज एकेक करून थांबतात. बरं चाललं ना, एवढंच विचारतात, आणि समोरच्याचं बोलून झालं तरी कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहतात.